खांद्यावर कोरलेलं नाव

मी बोलतेय, हजारो वर्षांपूर्वीच्या गिर्सू नगरातल्या बाऊदेवीच्या देवळातली एक पुतळी. अंग पांढऱ्या मऊ दगडाचं, हात छातीशी धरलेले. डोळे शिंपल्याचे, डांबरानं बसवलेले, चेहऱ्याच्या मानानं फारच मोठे. देवीपुढं डोळा मिटायचा नाही, म्हणून मला पापण्याच दिल्या नाहीत.

तुमच्याकडे लेकराला लागलं की 'बाऊ झाला' म्हणतात. आमची बाऊ म्हणजे दुखणं-खुपणं बरं करणारी आई. तिला सकाळी उठवायचं, न्हाऊ घालायचं, लोकरीचं वस्त्र नेसवायचं, मग मासे, खजूर आणि जवाची दारू पुढं ठेवायची. पण दिवसरात्र तिच्यासमोर उभं कोण राहणार? माणसांना पोट आहे. म्हणून माणसं आपल्या वतीनं आम्हाला उभं करत. खांद्यावर जे कोरलेलं असेल, तेवढंच आम्ही देवीला सांगतो. दगडाला दुसरं काही बोलता येत नाही.

मला देवीला वाहिलं निनबांदानं. ती विणकरीण. तिची सहा वर्षांची मेमे तापानं फणफणली होती. मला कडेवर घेऊन ती अक्षरं कोरणाऱ्या लूकल्लाकडे धावत गेली.

"दादा, नीट ऐका. मेमेसाठी मागायचंय. माझ्या मेमेसाठी."

"ऐकलं गं बाई! रोज दहा जणी येतात, सगळ्यांचं रडगाणं एकच. पुतळी वाहणार कोण?"

"मी. निनबांदा. पण..."

"झालं तर मग! सरक, उजेड अडवू नकोस."

आणि त्यानं कोरलं, हात सवयीनंच चाललेला ना: 'बाऊदेवीला, निनबांदाच्या आयुष्यासाठी.' वाहणाऱ्याचंच आयुष्य मागायचं, ही त्याची रोजची ओळ. निनबांदाला अक्षर कुठं येत होतं? तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "मेमे."

ती रोज यायची. "बाई गं, सांगितलंस ना? काल दोन घोट पेज घेतली म्हणावं पोरीनं." मग एक दिवस आली ती धापा टाकतच. "श्वास अडकतोय तिचा! माझं आयुष्य घे म्हणावं, सगळं घे, तिला दे. सांग ना गं!"

मी जीव तोडून सांगत होते. निनबांदाला आयुष्य दे. निनबांदाला आयुष्य दे. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

मेमे गेली. केसांत धूळ घातलेली निनबांदा माझ्यासमोर येऊन बसली. एका म्हाताऱ्या पुजारणीनं तिची समजूत घालता घालता माझा खांदा वाचला आणि नको ते बोलून गेली. "अगं, तू तर स्वतःसाठीच मागितलं होतंस की."

निनबांदा रडली नाही. मागाचं दगडी वजन कमरेला होतं, ते घेऊन ती माझा खांदा खरवडू लागली. सेवकांनी तिला ओढून बाजूला केलं. "देवीचं झालंय ते! हात लावायचा नाही!"

त्यानंतर ती खूप जगली. डोळे गेले, हात थरथरायला लागले, तरी जगली. चाचपडत यायची आणि विनवायची, "बास कर गं आता."

मला थांबता येत नव्हतं.

आता मी काचेच्या कपाटात आहे. तिची माती होऊनही युगं लोटली, आणि मी अजून तिला आयुष्य मागतेय. तुमच्यापैकी कुणाला ही जुनी अक्षरं लागत असतील, तर एवढं करा. माझा खांदा मोठ्यानं वाचा, आणि निनबांदा लिहिलंय तिथं मेमे म्हणा. एकदाच म्हणा.