लोटनचा जबाब

धुळ्याच्या गुन्हे शाखेत असताना पितांबर देसले यांच्यासमोर बसलेला माणूस कबुली दिल्याशिवाय उठत नसे. हवालदार लोटन त्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. निवृत्तीनंतर देसल्यांचे आबा झाले, आमदार झाले, आणि लोटन त्यांच्या बंगल्यावर पडेल ते काम करत राहिला.

दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर शिरपूरकडच्या पाड्यावरची चमेलीबाई जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन आली. काही केल्या हटेना, तेव्हा आबांनी चारचौघांत तिच्या थोबाडीत मारली. म्हातारी बंगल्याच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. दुपारपर्यंत तो व्हिडिओ घरोघर पोचला. काढला होता आबांच्याच मुलाने, पियुषने, मित्रांना गंमत दाखवायला. लोटन तिथेच उभा होता, त्याने सगळं पाहिलं होतं. आबांनाही ते ठाऊक होतं.

संध्याकाळी आबांनी लोटनला आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. व्हिडिओ बनावट आहे आणि तो तू बनवलास, असं शांतपणे म्हणाले. लोटन हसला, आपल्याला साधा फोटोही पाठवता येत नाही म्हणाला. आबा चिडले नाहीत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. आता पुढे काय येणार, हे लोटनला पाठ होतं. आणि ते आलंच, त्याच्या मुलाच्या नावाने.

"बबलू पोलीस भरतीत लागला ना? चारित्र्य पडताळणी राहिलीय म्हणे त्याची."

इतक्या लवकर फुटणाऱ्या माणसांची लोटन पूर्वी टिंगल करायचा.

"काय बोलायचं ते सांगा, आबा," तो म्हणाला.

कॅमेऱ्यासमोर त्याने सगळं बिनचूक म्हटलं. आबा निवडून आले. लोटनवर गुन्हा दाखल झाला, आबांविरुद्ध पोलिसांत खोटी तक्रार दिली म्हणून चमेलीबाईवरही. बबलूची पडताळणी मात्र तशीच पडून राहिली, आणि आबांनी लोटनचा फोन घेणं बंद केलं.

तारखेला कोर्टाच्या आवारात चमेलीबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली.

"भाऊ, तू तठेच उभा व्हता ना?"

बबलूसाठी आबा अजूनही एक शब्द टाकतील, असं लोटनला वाटत होतं.

"नही, अक्का," तो म्हणाला. "मी तठे नव्हतू."

मग पुकारा झाला, आणि दोघं आत गेले.