एका छातीचे दोन फोटो

गारगोटी दळून तिची भुकटी करणाऱ्या गिरणीत दोघे भाऊ पोती भरायचे आणि वर्षभर एकमेकांचं तोंडही बघायचे नाहीत. थोरला धाकट्याशी बोलायचा तो फक्त छातीच्या तपासणीच्या दिवशी. बोलायचा कसला, हुकूम सोडायचा.

"माझं कार्ड घे. आधी माझ्या नावानं उभा राहा, मग तुझ्या."

छातीत डाग निघाला की माणूस फाटकाबाहेर, हा गिरणीचा कायदा. आणि थोरला तर चार पायऱ्या चढला की भिंत धरायचा. म्हणून धाकटा दातओठ खात दोनदा यंत्रापुढे उभा राहायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. "तुला इथं चिकटवला कोणी?" हे थोरल्याचं पालुपद ठरलेलं. उपकार एकदाच केला मेल्यानं, पण आठ वर्षं उगाळत बसला होता.

यंदा डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही यंत्राच्या खोलीत बोलावलं. दिव्याच्या काचेवर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. दोन्हींत पांढरे ठिपके, पीठ सांडल्यासारखे.

थोरला उसळला. "हरामखोरा, तुझ्या सडक्या छातीपायी माझ्या पोटावर पाय आला!"

चांगली जिरली, असं धाकट्याच्या मनात आलं आणि तिथंच अडलं. ठिपके त्याचे स्वतःचेच होते. त्याला तर अजून साधा खोकलाही नव्हता.

बाईंनी पेनानं एक बरगडी दाखवली. "दोघांचीही हीच मोडलेली? याच जागी?"

"माझी आहे," धाकटा म्हणाला. "यानंच मला पोत्यांच्या थप्पीवरून ढकललं होतं. दोन्ही फोटो माझेच."

"मग यांचा कुठाय?"

"काढलाच नाही कधी."

बाईंनी थोरल्याला सदरा काढायला लावला. तो गेला आणि ओळखपत्राच्या फोटोला उभं राहावं तसा, यंत्राच्या फळीला पाठ लावून, समोर बघत उभा राहिला.

"गाढवा, तोंड फळीकडे!" धाकटा खेकसला. "हनुवटी वर. खांदे पुढे. आता श्वास भरून घे आणि धर."

थोरल्यानं निमूट ऐकलं. श्वास अर्ध्यावरच खोकल्यात सुटला.

"धर म्हणतो ना!"

पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. बरगड्या नुसत्या थडथडत होत्या.

तिसऱ्या खेपेला धाकट्यानं सवयीनं स्वतःचाच श्वास धरला. शिवी ओठांवर होती, पण ती द्यायची तर श्वास सोडावा लागला असता.