मागच्या डाव्या चाकाजवळचा आवाज

जीप भाऊजींची, हातोडी माझी आणि चूक सर्वस्वी माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी सारवासारव करायला लागलो तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

गाड्यांना कोटिंग करायचं माझं वर्कशॉप आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, उंच चाकांची जीप घेतली, ताईला शेजारी बसवून डोंगर पालथे घालायचं ठरवलं, आणि गाडीला बाहेरून काय लावावं हे विचारायला माझ्याकडे आले.

मी तीन गोष्टी दाखवल्या. एक पारदर्शक फिल्म, म्हणजे काटेकुटे घासले तरी ओरखडा फिल्मवर येतो, रंग शाबूत राहतो. दुसरा सिरॅमिकचा पातळ थर, त्यावर चिखल धरत नाही, पण दगडापुढे त्याचं काही चालत नाही. तिसरं काळं, जाड, खरखरीत कोटिंग. ते गाडीच्या पोटाखाली आणि खालच्या कडांना मारायचं. बाकीची गिऱ्हाइकं चहा संपायच्या आत ठरवून मोकळी होतात. भाऊजींनी तीन आठवडे घेतले.

नमुन्याचे पत्रे ते घरी घेऊन गेले. एकावर किल्ली घासली, एकावर व्हिनेगर ओतलं, एक फ्रीजरमध्ये ठेवला. तो ताईने दोनदा उचलून बाहेर फेकला. रोज सकाळी वहीतून एक प्रश्न, नंबर घालून. फिल्मची कड कुठून सुटायला लागते? कोटिंगखाली ओल अडकली तर ती जाते कुठे? प्रश्न चुकीचा एकही नसायचा, हेच जास्त डोक्यात जायचं. पंधराव्या प्रश्नानंतर फोनवर त्यांचं नाव दिसलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

शेवटी ठरलं. दारांना आणि बॉनेटला फिल्म, खाली काळं कोटिंग. जीप लिफ्टवर चढवली.

काळं कोटिंग मारण्याआधी आमच्यात एक रीत आहे. गाडीचा सगळा भार ज्या दोन लांब लोखंडी दांड्यांवर असतो, ती चासी, वीतभर अंतराने छोट्या हातोडीने ठोकत जायचं. लोखंड धड असेल तर ठण वाजतं, आतून गंजलं असेल तर थप. हे आधीच ऐकायचं, कारण एकदा जाड थर बसला की सगळीकडून एकच आवाज येतो.

मागच्या डाव्या चाकाजवळ, जिथे स्प्रिंगचा आधार जोडलेला असतो, तिथे थप वाजलं. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा थप. तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी, प्रश्न विसावा: मारण्याआधी हवेतली आर्द्रता मोजतोस ना? मोजतो, म्हटलं. थप अगदी जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर गंज किती खोल, मोजायचा कसा, वेल्डर कोण, पट्टी किती जाडीची, असे आणखी तीन आठवडे गेले असते. वरवरचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं, मास्क चढवला आणि दोन हात मारून घेतले. काम इतकं देखणं झालं की मी खूशही झालो. त्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. उद्या निघतोय, चार दिवस, वरची कच्ची वाट. बसने वळण घेतलं तरी समोरचा दांडा घट्ट धरणारी माझी बहीण म्हणाली, "तुझा हात लागलेली गाडी आहे. मला कसली भीती?"

हातातला घास मी ताटात ठेवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते फोनवर सांगायचीही माझी छाती झाली नाही.

सकाळी उजाडता उजाडता मी त्यांच्या दारात, जीपखाली आडवा पडून माझंच कोटिंग खरवडत होतो. तळहाताएवढी जागा मोकळी केली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. फारसा जोर न लावता तो आत गेला. 

शेजारी भाऊजींच्या चपला येऊन थांबल्या. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मी पडल्या पडल्याच सगळं सांगितलं. आवाज, फोन, आर्द्रता, काहीच लपवून ठेवलं नाही.

त्यांनी वाकूनच ती खरवडलेली जागा पाहिली. मग म्हणाले, "तिथली मलाही शंका होती. गाडी घेतली तेव्हाच. तुला मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, याच्या कानातून सुटणार नाही. तू काही बोलला नाहीस, म्हणून मी तो प्रश्न खोडून टाकला." थोडं थांबून ते म्हणाले, "मागच्या रविवारी तुझ्या ताईला याच गाडीतून टेकडीवर नेऊन आणलं."

ताई दोन पिशव्या घेऊन बाहेर आली आणि मला बघून थबकली. मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "एक हात मारायचा राहिला होता म्हणे. आठवण झाली, आला बिचारा."

ताईचा चेहरा फुलला. "बघा, मी म्हणत नव्हते? माझा भाऊ अर्धवट काम ठेवायचा नाही."

त्यांनी मला वाचवलं, आणि ते मला सोसेना. मी बाहेर आलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "ताई, खालचं लोखंड कुजलंय. मला ते आधीच कळलं होतं. वर कोटिंग मारून मी गप्प बसलो."

"कळलं होतं?"

"हो."

 तिने मागच्या सीटवर रात्रीच ठेवलेल्या दोन पिशव्याही काढल्या, चारही उचलल्या आणि आत गेली. मी एक घ्यायला हात पुढे केला, तो तिने पाहिला नाही, किंवा पाहिला असेल.

भाऊजींच्या खिशात ती वही होती. मी म्हटलं, "भाऊजी, वेल्डर माझ्या ओळखीचा आहे, दुपारी गाडी नेतो. पट्टीचं, गंजाचं, काय काय विचारायचं ते सगळं विचारा. आज मी कुठे जात नाही."

त्यांनी वही काढली नाही. ते अजून त्या खरवडलेल्या जागेकडेच बघत होते.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "माझ्या प्रश्नांचा एवढा त्रास होतो का रे?"

मला नाही म्हणवेना. मी सोबत आणलेली हातोडी उचलली, पुन्हा जीपखाली शिरलो, आणि पुढच्या चाकापासून एकेक वीत खरवडून ठोकत निघालो. दर ठोक्यानंतर मी हात थांबवत होतो, वरून ते काही विचारतात का ते ऐकायला.