खांदा बरा होईपर्यंत

जेलच्या बाटलीच्या तोंडाशी एक थेंब अडकून बसला होता — खाली पडत नव्हता, आत परतही जात नव्हता — आणि उघड्या खांद्याने स्टुलावर बसलेला तो त्या थेंबाकडे पाहत राहिला, कारण पाहण्यासारखं त्या खोलीत फारसं काही नव्हतंच. एक उंच बाक, एक काचेचं कपाट, भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचं चित्र, आणि चाकांच्या ट्रॉलीवर ते मशीन, ज्याची मूठ पिस्तुलासारखी हातात धरायची असते.

"काका, जागा दाखवा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

ही तिची नेहमीची सुरुवात. दुखतंय कुठे ते मशीनला कळत नाही, ते ज्याचं त्यानेच बोट ठेवून दाखवायचं. पहिल्या खेपेला बोट आपसूक गेलं होतं, अंधारात आपल्याच घरातल्या दिव्याच्या बटणावर जावं तसं. आज ते खांद्यावर नुसतंच फिरलं. हाडाच्या कडेला थांबलं, जरा मागे सरकलं, दाबून पाहिलं... काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं कसं? काहीतरी असणारच. इतके महिने मुक्कामाला असलेलं दुखणं न सांगतासवरता निघून कसं जाईल?

"इथे," तो म्हणाला.

थंड जेल, त्यावर मुठीचं बोथट टोक, आणि मग ती टकटक. जाड कागदांचा गठ्ठा कोणीतरी न थांबता स्टेपल करत सुटावं तशी, पण खांद्याच्या आत. काय होतं यानं, असं त्याने सुरुवातीलाच विचारलं होतं, तेव्हा तिने समजावलं होतं की जुन्या दुखण्याची शरीराला सवय होते आणि ते दुरुस्तीचं काम सोडून देतं. या धक्क्यांनी तिथे नव्याने मार बसतो, शरीराला वाटतं हे आत्ताच लागलंय, आणि ते पुन्हा कामाला लागतं. घरी जाऊन त्याने हे जसंच्या तसं दादाला सांगितलं होतं. दादा अर्ध्या तोंडाने हसला होता. आता तो तेवढंच हसू शकतो. "म्हणजे खांदा तुझ्यावरच गेलाय," तो अडखळत म्हणाला होता, "ठोकल्याशिवाय हलायचं नाही."

पाढे चुकले की दादाची टपली बसायची ती याच खांद्यावर. वडील गेल्यावर दादानेच वाढवलं, शाळेत घातलं, चष्म्याच्या दुकानात चिकटवलं — आणि दादाला अर्धांगाचा झटका आल्यावर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत, हे उचलणं कोणी कोणाला न सांगता याच्याकडे आलं. वर्षं गेली. खांदा बोलायला लागला तेव्हा त्याने ते अंगावर काढलं. मलम लावलं, कूस बदलून झोपला, दुकानात डाव्या हाताने भिंगं पुसली. मग एका सकाळी न्हाणीघराच्या दारातच हातातला जोर गेला आणि दोघं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसले, शेजारी शेजारी, बस चुकलेल्या प्रवाशांसारखे. लागलं कोणालाच नाही. पण त्यानंतर मामा आले.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. आयुष्यभर इस्पितळात रुग्णांची उचलठेव केलेला दणकट माणूस, तिथे सगळे मामा म्हणत म्हणून इथेही मामा. दादाने त्यांना एका अटीवर घरात येऊ दिलं. याचा खांदा बरा होईपर्यंत, तो म्हणाला होता, पुढे एक दिवस नाही.

मामा अंघोळ घालतात तेव्हा दादा डोळे मिटून घेतो. साबण लागायच्या आधीपासून, अगदी टॉवेल गुंडाळून होईपर्यंत. ही गोष्ट मामांनीच सांगितली, तक्रार म्हणून नव्हे, सहज. साहेब लाजतात हो, ते म्हणाले.

आणि मी तेव्हा काय करतो? त्याच्या मनात आलं. मी शेजारच्या खोलीत चहा पितो. गरम चहा. कप दोन्ही हातांत धरून, पाणी पडल्याचा आवाज ऐकत, मामांचं "चला साहेब, पाय पुढे" ऐकत... चहा इतका गरम असतो हे मी विसरून गेलो होतो. मधल्या सगळ्या वर्षांत प्यायलो तो साय धरलेलाच.

"हात वर करा," ती म्हणाली. मशीन थांबलेलं होतं.

त्याने हात वर केला. कानापर्यंत सहज गेला, पुढेही गेला असता. तिथे त्याने तो थांबवला आणि चेहरा जरा आवळला. हात वर करा... गमतीचे शब्द आहेत. दादाला सांभाळण्यावरून ताईने फोनवर केव्हाच हात वर केले होते, माझं घर लांब, माझ्या सासूबाईंचं असं, आणि त्याला तिचा राग आला नव्हता, उलट किती सोपं असतं हे काहींना, याचं नवल वाटलं होतं. त्याला ते कधी जमलं नाही. आता इथे दर आठवड्याला कोणीतरी प्रेमाने सांगतंय, करा वर, अजून थोडा, शाब्बास.

तिने पुन्हा मूठ टेकवली. आता जरा प्रेशर वाढवते, म्हणाली. टकटक सुरू झाली.

"आणि आता?"

"हं. वाढलं," तो म्हणाला. "इथे जास्त."

बोलून झाल्यावर त्याने मान वर केली. समोरच्या कपाटाच्या काचेत मशीनचा पडदा उलटा दिसत होता, आणि आकडा होता तोच होता. तिने काहीही वाढवलेलं नव्हतं.

त्याला आधी ही युक्ती ओळखीची वाटली, मग ती कुणाची आहे ते लक्षात आलं. त्याचीच होती ती. दुकानातल्या मागच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्यासमोर माणसं बसवून तो दिवसभर हेच विचारतो — हे बरं दिसतं, की हे? लोक खोटं बोलतात, हे तिथे बसणाऱ्याला लवकर कळतं. कोणी लबाडीने नाही बोलत. काही त्याला बरं वाटावं म्हणून बोलतात, काहींना नंबर वाढल्याची भीती असते, काहींना चष्मा हवाच असतो, आणि पुष्कळसे नुसते दमलेले असतात. तेव्हा तो चौकटीतून भिंग काढतो, खट आवाज करतो आणि तेच भिंग परत घालतो. आता? हो, आता एकदम छान, असं गिऱ्हाईक म्हणतं. तो फक्त आधीची उत्तरं मनातून पुसून टाकतो. इतक्या वर्षांत त्याला एकदाही वाटलं नव्हतं की त्या खुर्चीतल्या माणसाला हे कळत असेल... कळून तो गप्प बसत असेल.

टकटक थांबली. ती कागदी रुमालाने जेल पुसू लागली, तिच्या वयाच्या मानाने फार सावकाश.

"घरी मदतीला कोणी आहे का, काका?"

"सध्या आहे."

तिने रुमाल टोपलीत टाकला.

"मग पुढच्या आठवड्यात अजून एकदा घेऊ," ती म्हणाली. "मशीन काही कोणाला सांगायला जात नाही."

त्याने शर्टाची बटणं लावली. उजव्या हाताने लावली हे शेवटचं बटण लागल्यावर ध्यानात आलं. आभार मानावेत, तर कशाबद्दल ते म्हणावं लागलं असतं. तो नुसतंच बरं म्हणाला आणि निघाला. बाहेर दुपार रिकामी होती, दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली, एक माणूस पाइपने फुटपाथ धूत होता. कोणीतरी आपल्याला आत्ताच दया दाखवली, आणि ती आपल्याला हवी होती. चालता चालता त्याला एवढंच पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं, आणि थकवा जायच्याऐवजी चपलांतून वर चढत आल्यासारखा वाटला.

घरी दार नुसतं लोटलेलं होतं. मामा औषधं आणायला खाली गेले होते. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता, पण नीट बसलेला नव्हता. खाली घसरला होता. हनुवटी छातीला लागलेली, कंबर खुर्चीच्या कडेला आलेली, चांगला हात दांड्यावर घट्ट. किती वेळ झाला होता कोण जाणे.

तो पुढे झाला. काखेत हात घालायचे, गुडघा खुर्चीला टेकवायचा, एक हिसका. शरीराला ते सगळं पाठ होतं.

"थांब," दादा म्हणाला. "तुझा खांदा."

"अरे, पण..."

"मामा येतील. मला काही होत नाही." आणि जरा दम खाऊन, "काय म्हणाली ती?"

"अजून एकदा म्हणाली."

दादाने मान हलवली, हलली तेवढी. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती, तरी चेहऱ्यावर तोच जुना मोठेपणा होता, धाकट्याला ओझं उचलू न देण्याचा.

तो तसाच समोर उभा राहिला. दादाला कळणार नाही असा खांदा त्याने जरा पुढे घेतला, मागे घेतला, आत कुठे काही सापडतंय का ते पाहिलं. कोणाला सांगण्यासाठी नाही, पहिल्यांदाच फक्त आपल्यापुरतं. कड तपासली, मागची बाजू तपासली, मानेपर्यंत जाऊन आला. कुठेच काही नव्हतं. खांदा बरा होता. खाली जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली, वर आली, आणि दुसऱ्याच दाराशी थांबली. दादा आणखी थोडा घसरला. त्याने हातांना सांगितलं, उचला... आणि न दुखणारे ते दोन्ही हात अंगाशी तसेच राहिले, आणि मग हे दुखणं नेमकं कुठे आहे, याचं उत्तर तो थांबून, मनापासून, शोधू लागला.