वळणापातूर एक फेरी

"अगं पाय उचल! भुईवरचा पाय उचल आदी!" जोतीराम मागच्या सीटवरून ओरडला. विजयमालाने वळणावर आजही नेमका पाय टेकला आणि स्कूटी उसात कलंडता कलंडता राहिली.

सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या जोतीरामच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट टाकावा लागला. पोरगा पुण्याला, घर कडेगावबाहेर मळ्यात. दवाखान्यातून आल्या दिवशीच त्याने ठरवलं, बायकोला गाडी आली पाहिजे. "एकदम कायबी येत न्हाई. रोज च्या झाला की वळणापातूर एक फेरी. पण रोज." पाऊस असो, पाहुणे असोत, फेरी चुकली नाही. पुढे पुढे चहाचा कप खाली ठेवला की विजयमालाचा हात आपसूक किल्लीकडे जायचा.

खरं तर तिला गाडी दिवाळीतच यायला लागली होती. ते कळलं आणि ती घाबरली. हा माणूस कुठलंही काम अर्धवट टाकून कधी उठलेला नाही. शिकवणं संपलं की हा कायमचा निघाला, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हापासून तिनेही एक सवय लावून घेतली. वळण आलं की पाय टेकायचा आणि शिव्या खायच्या. "चार म्हशींच्या धारा काढतीस, आन् एवढीशी गाडी तुला ईना!" म्हणून तो करवादायचा, आणि तिला तेवढ्यापुरता धीर यायचा.

आज मात्र पुढच्या शिव्या आल्याच नाहीत. तिने मागे पाहिलं. जोतीरामने छाती धरली होती आणि कपाळ घामाने डबडबलं होतं.

"मला घट्ट धरा," म्हणत तिने गाडी गावाकडे काढली. उसाची ट्रॉली, खड्डे, चौक, पाय कुठेच टेकला नाही.

"कवापास्नं येतीया तुला?" तिच्या पाठीवर डोकं टेकून त्याने विचारलं.

"लय दिस झालं."

"आन् सांगितलं न्हाईस. बरं झालं. आता मला कसला घोर न्हाई."

"आवं, स्टँडला लावाय कुठं येतंय मला? ते शिकवायचं ऱ्हायलंय! ऐकताय न्हवं?"

तिने गाडी आणखी दामटली.

दवाखान्याच्या दारात दोघा वॉर्डबॉयनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि काचेचं दार बंद झालं. वॉचमन म्हणाला, "मावशी, गाडी स्टँडला लावा की, आन् आत बसा."

"मला येत न्हाई. त्यांनी शिकवलं न्हाई अजून."

त्याने मदतीला हात पुढे केला, तसं तिने हँडल घट्ट धरलं.

"नगं. ते बाहेर आल्यावर दावतील," ती म्हणाली आणि गाडी पेलून तशीच उन्हात उभी राहिली.