दोन खांबांच्या मध्ये

चाकखुर्ची दोन खांबांच्या मध्ये अडकली. ज्ञानदेवांनी ती मागे ओढली, जरा तिरकी केली, पुन्हा रेटली.

"अहो... हात," यमुनाबाई कशाबशा म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानातून संजय बाहेर आला. "काका, पेढे कुठायत? सकाळीच खांब बसवले. दिवसभरात एक स्कूटर चढली नाही फुटपाथवर!"

खांब ज्ञानदेवांनीच मागितले होते. यमुनाबाईंना अर्धांगाचा झटका आल्यापासून ते रोज संध्याकाळी बायकोला नारायण पेठेतून नदीकाठच्या बागेत नेत. तिथे चंपा यायची, यमुनाबाईंची जुनी मैत्रीण. यमुनाबाईंचं अडखळतं बोलणं ती ओठांकडे बघून समजून घ्यायची. घरी त्या बोलतच नसत.

सिग्नल लागला की स्कूटरवाले सरळ फुटपाथवर चढत आणि वर मागून हॉर्न वाजवत. एकाचं हँडल यमुनाबाईंच्या खांद्याला लागलं, तेव्हापासून ज्ञानदेवांनी महापालिकेच्या कचेरीत खेटे घातले. "फुटपाथवर गाडी घालायची नाही असा कायदा आहे ना? मग अडवा की त्यांना!" दोन खांबांत जागा किती ठेवा, हे सांगायचं मात्र त्यांना सुचलंच नव्हतं.

"एखादा खांब काढतील का रे?"

"काढतील की. मग तुम्ही गाड्यांना हार घालायला उभे राहा," संजय म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर खुर्चीच्या चाकांवर गेली. आवाज उतरला. "काका, उचलून पलीकडे ठेवू या का?"

"पुढच्या कोपऱ्यावरही आहेत. तिथे कोण उचलेल?" ज्ञानदेव बायकोकडे वाकले. "आज राहू दे. घरी गेल्यावर चंपाला फोन लावून देतो."

"फोनवर... कळत नाही... तिला." यमुनाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "चला."

"अगं, गाड्या बघ किती आहेत."

"चला."

संजयने हात लावला, खुर्ची रस्त्यावर उतरली. दहा पावलं गेले नाहीत तोच मागून हॉर्न सुरू झाला.

"ओ आजोबा, एवढा फुटपाथ मोकळा पडलाय, दिसत नाही का?"

ज्ञानदेवांचे पाय थबकले.

यमुनाबाईंनी उजवा हात, चालता होता तो तेवढाच, पदराखालून बाहेर काढला आणि रस्त्याच्या बाजूला आडवा धरला. त्यांनी तो खाली घेतला नाही. गाड्या त्याला वळसा घालून जाऊ लागल्या. ज्ञानदेव पुन्हा खुर्ची ढकलू लागले.