कोणाचे अक्षर

पुष्पलताने स्कॅनरचे झाकण उचलले, पिवळे पडलेले पत्र दोन बोटांनी अलगद बाजूला ठेवले आणि पडद्यावर उमटलेली त्याची प्रतिमा मोठी केली.

"अम्मा, जरा इकडे या. आज सोनं सापडलंय."

नागवेणी खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली. गेले तीन महिने ती दर मंगळवारी रिक्षाने इथे, संग्रहाच्या कचेरीत येत होती. दिवंगत प्राध्यापक रामचंद्र ऐताळांची पत्रे, डायऱ्या, भाषणांच्या ध्वनिफिती असे सगळे संगणकावर चढवायचे काम चालले होते. फोटोंतली माणसे ओळखून सांगायला त्यांची बायको म्हणून ती लागत होती. मैसूरमध्ये ऐताळांना तत्त्वज्ञ म्हणून रिक्षावालेसुद्धा ओळखत. नागवेणीला भाजीवाली तेवढी ओळखे.

पत्र उडुपीच्या एका जुन्या मित्राच्या घरून आले होते. पुष्पलताने वाचून दाखवले, "'डोळे गेले त्याचं दुःख नाही, मित्रा. या घरात माझं बोलणं कळेल असं एकही माणूस नाही, त्याचं आहे.'"

टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टर नंजुंडने चष्मा काढून डोळे पुसले. तो ऐताळांचा आवडता विद्यार्थी, अजून त्यांना 'मेष्ट्रू', म्हणजे मास्तर, म्हणणारा. या संग्रहाची सारी जबाबदारी त्याच्याकडे होती.

"हे पहिल्या पानावर घ्यायचं," तो म्हणाला. "मेष्ट्रूंचं एकटेपण इतकं कुठेच उतरलेलं नाही."

"एकच रकाना अडलाय," पुष्पलता म्हणाली. "लेखनिक कोण? सरांना तेव्हा दिसत नव्हतं. कोणी विद्यार्थी असेल. 'अज्ञात' टाकू?"

नागवेणी पडद्याकडे बघत राहिली. ती दुपार तिला लख्ख आठवत होती. ते आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि किराण्याची यादी सांगावी तशा सुरात ते वाक्य त्यांनी सांगितले होते. वाक्य संपल्यावर तिने विचारले होते, "पूर्णविराम?" ते म्हणाले होते, "हो." मग पाकीट चिकटवून ती टपालपेटीपर्यंत गेली आणि येताना दोडकी घेऊन आली. अशी अकरा वर्षे. चार पुस्तके, शेकडो पत्रे. प्रस्तावनांत प्रकाशकाचे आभार होते, डोळ्यांच्या डॉक्टरांचे होते.

"अज्ञात कशाला?" ती म्हणाली. "माझं अक्षर आहे ते."

नंजुंडने चष्मा पुन्हा चढवला. "तुमचं? अम्मा, तुम्ही लिहायचात?"

"तू यायचास तेव्हा माझ्या हातात वाढायचा डाव असायचा. लेखणी तुला कुठून दिसणार?"

"पण मग हे वाक्य..."

"त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

पुष्पलताची बोटे कळफलकावरच थांबली. नंजुंड उठून उगाच पंखा वाढवून आला.

"असं करू," तो हळूच म्हणाला, "हे पत्र सध्या राहू दे. लोकांचा गैरसमज होईल. मेष्ट्रूंच्या मनात तसं काही नसणार."

"आत्ता तर सोनं होतं! पहिल्या पानावरच घे. आणि खाली लिही, लेखनिक नागवेणी, पत्नी. जमत नसेल तर माझ्या कागदांच्या सगळ्या पेट्या उद्या घरी परत पोचव. करारावर सही माझी आहे, नंजुंडा."

तिचा आवाज चढला नव्हता. नंजुंडने पुष्पलताकडे बघून होकारार्थी मान हलवली. तिने नाव टाइप केले आणि सवयीने पुढचा रकाना उघडला.

"म्हणजे शेवटची चारही पुस्तकं तुमच्याच हातची, अम्मा?"

"चारही."

नंजुंड खुर्चीत पुढे सरकला. त्याची डॉक्टरेट त्यांतल्या चौथ्या पुस्तकावर होती. त्याची दोन्ही पुस्तकेही त्यावरच उभी होती. "पण सगळं त्यांनी सांगितलं तसंच ना? शब्दन् शब्द?"

अकरा वर्षांत तिने एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे केला नव्हता. सांगता सांगता त्यांना डुलकी लागली, की अर्ध्या शब्दावर लेखणी टेकवून ती बसून राही. एकदा त्यांच्या शब्दाहून नेमका शब्द तिला सुचला होता. तोही तिने गिळला होता.

नंजुंड तिच्या तोंडाकडे बघत होता. पूर्वी पंगतीत तो असाच आणखी भाताची वाट बघे.

"कसं सांगू रे?" ती म्हणाली. "त्यांना दिसत नव्हतं. आणि त्यांचं बोलणं कळेल असं माणूस घरात नव्हतंच, त्यांनीच म्हटलंय. मला काय कळलं नि मी काय लिहिलं, ते आता देव जाणे."

"अम्मा, मस्करी करू नका. तुमच्या एका 'हो'वर सगळं..."

"माझं वय झालं, बाबा. आठवत नाही."

तिने पर्स उचलली. पुष्पलता खाली मान घालून चौथ्या पुस्तकाच्या नोंदीत लिहीत होती: संहितेची खातरजमा झालेली नाही. नंजुंडने तिला थांबवायला हात उचलला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

रिक्षा वळणावर आली तेव्हा नागवेणीच्या लक्षात आले, की तिचे ओठ हलताहेत. चौथ्या पुस्तकाचे शेवटचे पान, पहिल्या ओळीपासून, कुठेही न अडखळता. शेवटचे वाक्य अर्धे झाले होते. तिने ओठ मिटून घेतले.